निनावी उदमांजर

सूर्यभानने 'काकासाहेब हे' एवढं लिहिलं आणि पानाच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी वर, एक जांभळा गोल उगवला. गोलात कसलं तरी जनावर होतं. तोंड मुंगसाचं, मिशा मांजराच्या, आणि चेहऱ्यावर संस्थेच्या ऑडिटरचा भाव: मला काही म्हणायचं नाही, तुमचं चालू द्या. बाण तिथे नेला तेव्हा खाली अक्षरं आली, 'निनावी उदमांजर'. त्याने चष्मा काढून बनियनला पुसला. या नव्या लॅपटॉपमध्ये असल्या गोष्टी न बोलावता येतात हे त्याला एव्हाना कळून चुकलं होतं. वाढदिवसाचे फुगे येतात, जळगावचं हवामान येतं, कुणीही न विचारता शाबासकी येते. हे त्यातलंच काहीतरी असेल असं समजून त्याने वाक्य पुरं केलं: 'काकासाहेब हे सहीसाठी पेन मागतात आणि ते परत देत नाहीत.' वाक्य संपलं तशी उदमांजराच्याच रंगाची एक बारीक उभी रेघ पानावर उतरली, त्या ओळीशी आली आणि 'नाहीत'पाशी उभी राहून उघडझाप करू लागली.

तो लगेच घाबरला नाही. घाबरायलाही थोडं शिक्षण लागतं, आणि या यंत्राचं शिक्षण त्याने डुलक्या घेत घेतलं होतं. लॅपटॉप संस्थेचा होता. प्रीमियम. हा शब्द राजनंदिनी वहिनीसाहेबांचा. वहिनीसाहेब म्हणजे शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष काकासाहेब यांच्या सूनबाई आणि संस्थेच्या सचिव. पुण्याहून एमबीए करून आल्या आणि आल्या आल्या त्यांना संस्थेत सगळीकडे धूळ दिसली. धूळ होतीच, पण इतकी वर्षं कुणाला दिसत नव्हती म्हणून सुखात होती. त्यांनी कार्यालयातले जुने कॉम्प्युटर टेम्पोत घालून पुणतांब्याच्या शाळेला दान केले, दानाचा समारंभ केला, फोटो काढले, आणि ते बंद डबे ठेवायला तिथल्या मुख्याध्यापकाला एक वर्ग रिकामा करावा लागला. मग सभागृहात सगळ्या स्टाफला बसवून हे चंदेरी, पातळ, आरशासारखे लॅपटॉप वाटण्यात आले. 'यात काही साठवायचं नसतं, सर,' वहिनीसाहेब म्हणाल्या होत्या, 'यात काही नसतंच. सगळं वर असतं.' आणि त्यांनी बोट वर केलं. स्टाफने वर पाहिलं. वर पंखा होता. पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचं नाव रंगवलेलं होतं आणि पंखा फिरत असल्यामुळे ते वाचता येत नव्हतं. ज्याच्यात स्वतःचं काही नाही आणि ज्याचं सगळं वर आहे असा माल सूर्यभान रोज स्टाफरूममध्ये पाहत असे; फक्त तो इतका पातळ नव्हता.

या यंत्राबद्दल त्याचा पहिला राग ते चटकन उघडतं याचा होता. झाकण वर केलं की हे हजर, लग्नातल्या बँडवाल्यासारखं. घरचा जुना कॉम्प्युटर, ज्याच्यावर पंकजाने जुन्या पडद्याचं आच्छादन शिवलं होतं, सुरू व्हायला चांगला वेळ घ्यायचा. घरघर करायचा, काळा व्हायचा, निळा व्हायचा, पुन्हा काळा. तेवढ्यात चहा व्हायचा, आणि चहाबरोबर ज्याच्यावर लिहायचं त्या माणसाबद्दलची तुच्छता मनात नीट मुरायची. इथे मुरायला वेळ नाही. दुसरा राग सेव्हचा. ओळ संपली की कंट्रोल आणि एस ही दोन बटणं दाबायची त्याच्या बोटांना इतक्या वर्षांची खोड, नाक ओढावं तशी. 'आता ते करायचं नाही, सर. आपोआप होतं,' वहिनीसाहेब म्हणाल्या होत्या. आपोआप! म्हणजे माणसाने हे ठेवावं की न ठेवावं असं म्हणायची सोयच नाही. लिहिलं की झालं. बोटं तरीही त्या दोन बटणांवर जात होती, आणि लॅपटॉप दर वेळी, म्हाताऱ्याची समजूत काढावी तसा, सगळं जपून ठेवलंय असं खाली लिहून दाखवत होता.

आणि लिहायचं होतं मानपत्र. सूर्यभान नगरमधल्या संस्थेच्या कॉलेजात मराठीचा विभागप्रमुख होता, उपप्राचार्य होता, आणि या सगळ्याच्या वर, म्हणजे ज्यामुळे हे सगळं मिळालं ते, मानपत्र लिहिणारा होता. पाटीवर अहिल्यानगर आणि तोंडात नगर असलेल्या या शहरात आणि नेवाश्यापासून राजूरपर्यंतच्या सबंध मुलखात ज्याची कुणाची एकसष्टी, पंच्याहत्तरी, चेअरमनपदी बिनविरोध निवड किंवा तुरुंगातून सुटका होई, त्याला चांदीच्या चौकटीत घालायचा मजकूर त्याच्याकडून जाई. या रविवारी खुद्द काकासाहेबांचा अमृतमहोत्सव. प्राचार्यांची खुर्ची उन्हाळ्यापासून रिकामी होती आणि नवं नाव काकासाहेब रविवारी त्याच मांडवात जाहीर करणार हे कॉलेजच्या शिपायालाही माहीत होतं. म्हणजे हे मानपत्र चुकलं तर सूर्यभान उपप्राचार्य म्हणून निवृत्त होणार, आणि 'उप' हा शब्द त्याच्या फोटोखाली, मग हाराखाली, कायमचा बसणार.

मानपत्राची त्याची एक पद्धत होती, आणि ती पंकजालासुद्धा अर्धीच ठाऊक होती. तो आधी खरं लिही. माणूस जसा आहे तसा, रोखून, दया न दाखवता. मग एकेक वाक्य घेऊन, शिंपी झिजलेली कॉलर उलटून शिवतो तसं, उलटून शिवी. 'हा गृहस्थ कुणाचंच ऐकत नाही' याचं 'ठाम निर्णयशक्ती' होई. 'दहाव्याला गेला तरी पहिल्या पंगतीत बसतो' याचं 'समाजाच्या सुखदुःखात सदैव अग्रभागी'. 'राजूरच्या शाळेचं भूमिपूजन दर निवडणुकीला करतो' याचं 'अखंड पायाभरणी करणारे'. मूळ वाक्याशिवाय स्तुतीला बूड राहत नाही, ती कुणालाही बसते आणि म्हणून कुणाला बसत नाही, हा त्याचा अनुभव होता. इतर गावांत मानपत्रं लिहिणारे जे मास्तर होते ते सरळच स्तुती लिहीत, आणि ती वाचून त्याला त्या मास्तरांची कीव येई. उलटून झालं की तो मूळ वाक्यं पुसून टाकी. पुसताना त्याला बरं वाटे. अंगाला साबण लावून पाणी ओतावं तसं. मांडवात बसून, माईकवर ते शब्द घोळवले जात असताना, पहिल्या रांगेतला तो फेटेवाला चेहरा खुलत असताना, सूर्यभानला एकट्याला आतली बाजू दिसत असे. तेवढं त्याचं स्वतःचं होतं. फ्लॅट बँकेचा, नोकरी संस्थेची, पण ही आतली बाजू त्याची.

सकाळी त्याने गौरव समितीच्या ग्रुपवर नेहमीचा एक मसुदा पाठवला होता. नावं बदलून पन्नास जणांना गेलेला. जुन्या कॉम्प्युटरवरून फाईल पाठवली की तिची प्रत जायची, मूळ आपल्याकडे राहायचं, आणि तिकडे त्या प्रतीचं लोकांनी काय करायचं ते करावं. इथे पाठवायला गेला तर निळ्या अक्षरांची एक लांबलचक ओळ मिळाली. ती त्याने ग्रुपवर चिकटवली. लगेच अंगठे आले, जोडलेले हात आले, आणि वहिनीसाहेबांचा निरोप आला, 'छान. पण अजून थोडं पर्सनल करा ना सर.' पर्सनल! दुपारी जेवण करून, खिडकीचा पडदा ओढून, त्याने तेच पान उघडलं, नेहमीचा मसुदा पुसला आणि पर्सनल करायला घेतलं.

दुसरं वाक्य लिहून झालं होतं: 'मयताला गेल्यावर ते आधी फोटोग्राफर कुठे आहे ते पाहतात, मग मयत.' जांभळी रेघ पहिली ओळ सोडून दुसरीकडे आली. शब्दाशब्दावरून, बोट ठेवून वाचणाऱ्या माणसासारखी, सरकत गेली. यंत्र असं वाचत नाही. त्याने कार्यालयातल्या अंगद क्लार्कला फोन लावला. अंगद लॅपटॉप वाटपानंतर अख्ख्या स्टाफचा गुरू झाला होता आणि प्राध्यापकांशी हल्ली जरा आडवं बसून बोलत असे.

'अंगद, समजा, समजा हं, फाईलवर वर एक प्राणी दिसला तर काय असतं?'

'कोणता प्राणी, सर?'

'कोणता का असेना.'

'न्हाई, मांजर वेगळं, जिराफ वेगळा. माझ्याला एकदा कासव आल्तं.'

'उदमांजर.'

'म्हंजे कुणीतरी बघतंय, सर. लॉगिन न करता. लिंक पाठवली असंल तुम्ही कुणाला.'

'मी फाईल पाठवली होती. सकाळी. ती गेली. आता हे माझ्याकडचं आहे.'

अंगद हसला नाही. न हसण्याचा आवाज फोनवर नीट ऐकू आला. 'सर, ह्याच्यात तुमच्याकडचं आन् त्यांच्याकडचं असं नसतं. एकच असतं. लिंक ज्याच्याकडं त्यो आत. तुम्ही लिहिताय तसं त्याला दिसतंय. त्यानं लिवलं तर तुम्हाला दिसंल. कोणती फाईल हाय?'

'प्रश्नपत्रिका,' सूर्यभान म्हणाला.

'मग तर लईच अवघड झालं, सर!' अंगद मनापासून म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्याने सगळं पान एका झटक्यात पुसलं. पांढरं. खिडकीबाहेर प्रोफेसर कॉलनीच्या चौकातला भंगारवाला ओरडत गेला. पांढऱ्या पानावर दोन रेघा उभ्या होत्या, एक त्याची काळी, एक जांभळी, आणि दोघी आळीपाळीने उघडझाप करत होत्या, एका गाडीची वाट पाहणाऱ्या दोन अनोळखी माणसांसारख्या. गेलं असेल, त्याने वाचलं नसेल, असं त्याचं मन म्हणू लागलं तेवढ्यात दोन्ही वाक्यं परत पानावर आली. जशीच्या तशी. उदमांजराने आधीच उचलून ठेवली होती. आणि पहिल्या वाक्याच्या पुढे, जांभळी रेघ सरकत, नवी अक्षरं उमटली: 'परत मागितलं तर देतात. कोणी मागत नाही.'

कोण? ग्रुपवर कोण कोण होतं ते त्याने मनात एकेकाला उभं करून पाहिलं. विज्ञान शाखेचे ते टकले डॉक्टर, प्राचार्यपदाचे दुसरे दावेदार. पण त्यांना एवढं लहान वाक्य लिहिता येत नाही, त्यांच्या रजेच्या अर्जालाही प्रस्तावना असते. वहिनीसाहेब, पण त्यांनी 'मागितलं'च्या जागी 'रिक्वेस्ट' लिहिलं असतं. जिमखान्याचे प्रमुख, त्यांनी वाचलंच नसतं. काकासाहेब स्वतः? सूर्यभानला हसू आलं. हा माणूस स्वतःच्या भाषणाचा कागदसुद्धा हातात उलटा धरतो. प्रत्येकाला त्याने मनात उभं केलं आणि प्रत्येकाला नालायक ठरवून बसवलं. इतक्या वर्षांच्या सवयीने हे काम त्याला फार भराभर जमत असे. पण या वेळी सगळे बसले आणि उदमांजर तेवढं उभं राहिलं. आणि ते वाक्य. ते वाक्य त्याच्या वाक्यापेक्षा चांगलं होतं, ही गोष्ट त्याला भीतीच्याही आधी बोचली.

त्याने लिहिलं, 'कोण?'

मग अक्षरं आली: 'लिहा.'

आणि तो लिहू लागला. का, ते त्याला सांगता आलं नसतं. आता वाचलेलं वाचलंच गेलं, एवढाच विचार नव्हता. इतकी वर्षं तो ही खरी वाक्यं लिहून पुसत आला होता आणि आज पहिल्यांदा कुणीतरी पुढचं मागत होतं. त्याच्या मानेवरून घाम उतरला, आणि त्या घामात एक लाजिरवाणा आनंद होता. त्याने लिहिलं, 'भाषणात आईचा उल्लेख आला की ते ठरलेल्या ठिकाणी ठरलेला हुंदका देतात.' जांभळी रेघ आली, थांबली, मागे गेली, पुन्हा आली. मग लिहिलं: 'माझी आई अडाणी होती असं सांगतात. अडाणी नव्हती. पोथी वाचायची. अडाणी म्हटलं की टाळ्या पडतात.' सूर्यभानने खुर्ची मागे सारली. एवढं त्यालाही माहीत नव्हतं. या क्रूरपणापर्यंत तो कधी पोहोचलाच नव्हता. तो आपला हुंदक्याच्या अलीकडे उभा राहून दगड मारत होता.

पंकजा चहा घेऊन आली. तिने त्याच्या खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाली, 'हे मुंगूस कसलं?'

'उदमांजर आहे.'

'मानपत्र झालं का? आणि झिपऱ्या का आल्यात कपाळावर? बीपीची घेतली ना?'

'घेतली.'

'मग उगाच तोंड करून बसू नका. ते काकासाहेब काय तुमच्या मनात येऊन बघणारेत?' असं म्हणून ती कप ठेवून गेली. कपावरच्या सायीकडे बघता बघता त्याला वडील दिसले. गोरक्षनाथ. पाथर्डीकडचे कोरडवाहू, दिवाळी झाली की बैलगाडीत संसार घालून साखर कारखान्यावर ऊसतोडणीला जायचे, आणि शाळेला सुट्टी असली की सूर्यभानही तिथल्या पाचटाच्या कोपीत, झोपडीत. उसाने लादलेल्या गाड्या वजनाला उभ्या राहत, मुकादम छत्री घेऊन बाजूला उभा, आणि वडील मुकादमाला 'व्हय मालक, व्हय मालक' करत आणि लगेच तोंड फिरवून बैलाला शिव्या घालत. काय शिव्या! 'तुझ्या ढेरीत किडं पडतील रं! दुसऱ्याचं खाऊन माजला रं!' बैल बापडा हाडांचा सापळा, ढेरी होती मुकादमाला. आई पदरात तोंड घालून हसायची. कोपीकोपीतून लोक हसायचे. सूर्यभानला वाटायचं, आपले वडील किती शूर आहेत. पुढे मानपत्रं लिहू लागल्यावर त्याला कधी कधी वाटे की हा त्याच घराण्याचा धंदा आहे, फक्त आता बैलालाही ऐकू जात नाही इतका सभ्य झालाय. त्या विचारात त्याला अभिमान वाटे. आज चहावरची साय बोटाने काढताना अभिमान कुठे बसला आहे ते सापडेना.

फोन वाजला. वहिनीसाहेब. 'सर, पप्पांनी बोलावलंय. आत्ताच. आणि लॅपटॉप घेऊन या म्हणाले.' आवाजात काही नव्हतं. या मुलीच्या आवाजात कधीच काही नसतं, सगळं वर असतं, हा विनोद त्याला स्कूटरला किक मारताना सुचला आणि आवडला नाही.

गुलमोहर रोडवरच्या बंगल्याच्या पोर्चमध्ये काकासाहेब प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, पाय कोमट पाण्याच्या टबात सोडून बसले होते. मांडीवर सुनेचा जुना टॅब्लेट. त्याच्यावर अक्षरं एवढी मोठी केलेली की फाटकातून वाचता यावीत. सूर्यभानने फाटकातूनच वाचलं: 'मग मयत'.

उदमांजर खुर्चीत बसलं होतं आणि पाय शेकत होतं.

'या, मास्तर,' काकासाहेब म्हणाले. चारचौघांत ते 'सर' म्हणत, पोर्चमध्ये मास्तर. 'बसा. राजनंदिनी, च्या आन गं. आन् मंग तू आतच थांब बाई, आमचं गौरव समितीचं चाललंय.' सूनबाई चहा ठेवून आत गेल्या. 'डोळ्याचं आपरेशन झालं तवापास्नं कागदावरचं दिसत न्हाई मला. ह्याच्यात बगा, दोन बोटांनी मोटं व्हतंय. आन् बोललं की त्येच लिवतंय. मी न्हाई म्हनलं तरी त्ये नाही लिवतंय. लई शिकल्यालं हाय.'

सूर्यभान खुर्चीच्या कडेवर बसला. बोलायला त्याने तोंड उघडलं आणि त्याच्या तोंडातून सवयीने उलटून शिवलेलंच बाहेर पडलं. 'काकासाहेब, तो एक प्राथमिक आराखडा होता. माणसाचं मोठेपण अधोरेखित करायचं तर आधी विरोधी बाजू...'

'आईचं कुनाला सांगू नका,' काकासाहेब म्हणाले. 'रयवारी पन टाळ्या पडायच्या हायेत तिथं.' त्यांनी एक पाय टबातून वर काढून पाहिला आणि परत सोडला. 'मास्तर, एक इचारू? ह्ये समदं तुमाला म्हाईत व्हतं?'

'...हो.'

'कवापास्नं?'

'पहिल्यापासूनच.'

'मंग आतापतूर मानपत्रं कशाला लिवली?'

प्रश्नात राग नव्हता. राग असता तर सूर्यभान उत्तर देऊ शकला असता. रागाला द्यायची वाक्यं त्याच्याकडे तयार होती. म्हाताऱ्याला खरंच कुतूहल होतं, नवीन औताचा फाळ कसा बसवलाय ते वाकून पाहावं तसं. सूर्यभान म्हणाला, 'मानपत्रात तसं लिहायची पद्धत असते, काकासाहेब.'

'व्हय. पद्धत असती.' काकासाहेबांनी मान हलवली. 'आमी कारखान्याव व्हतो ना, तवा तोडनीवाले यायचे तुमच्याकडचे. गाड्या वजनाला उभ्या ऱ्हायच्या. त्ये लोक बैलाला अशा शिव्या द्यायचे, अशा शिव्या, आमी आत हापिसात बसून हसायचो. आमाला काय वाटायचं, बैलाला हायेत? मुकादम मला म्हनायचा, सायेब, ज्यो बैलाला शिव्या देतो त्याची गाडी वेळेव येती. त्याचं प्वाट मोकळं व्हतं आन् त्यो कामाला लागतो. गप बसनाऱ्याव ध्यान ठेवा.'

सूर्यभानला पोर्चची फरशी एकदम फार स्वच्छ दिसली. वडिलांच्या शिव्यांचा आवाज तिच्यावरून, कोपीतून, आईच्या पदराआडून, थेट या माणसाच्या हापिसापर्यंत गेला होता आणि तिथे लोक चहा पीत तो ऐकत होते. मोजून घेत होते, उसाबरोबर.

'प्राचार्य तुमीच,' काकासाहेब म्हणाले. 'त्ये कालच ठरलं व्हतं, आज पक्कं झालं. त्यो टकल्या डाक्टर हाय ना, त्याच्या मनातबी मानपत्रच हाय. असल्याचा काय उपेग? तुमच्यासारका मानूस पायजे. म्हाईत समदं असतंय आन् लिवतो पद्धतशीर.' त्यांनी टेबलावरचं पाकीट ओढलं, आतला नेमणुकीचा कागद काढला, आणि हात पुढे केला. 'पेन हाय का?'

स्टाफमधला प्रत्येक जण काकासाहेबांसाठी खिशात एक स्वस्त पेन वेगळं ठेवत असे. सूर्यभानही ठेवत असे. आज घाईत निघाला आणि खिशात होतं ते एकच, पीएच.डी. झाली तेव्हा पंकजाने घेतलेलं, जाड निबचं. ते त्याने दिलं. काकासाहेबांनी कागद मांडीवर टॅब्लेटवर ठेवून सही केली, टोपण लावलं, आणि पेन स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात खोचलं. मग ते थांबले. चहाचा कप हातात घेऊनही प्यायले नाहीत. त्यांनी सूर्यभानकडे नीट, सावकाश पाहिलं, आणि त्या पाहण्यात ते सबंध जांभळं वाक्य होतं. आत कुठेतरी मिक्सर चालू झाला आणि बंद झाला. तोंड उघडायचं, एवढंच. काकासाहेब, माझं पेन. तीन शब्द, लहान मुलाला येतील असे.

'काय?' काकासाहेबांनी विचारलं.

'काही नाही,' सूर्यभान म्हणाला.

काकासाहेबांनी चहाचा घोट घेतला. 'आन् तुमचाबी सत्कार त्याच दिशी करून टाकू, एकाच मांडवात. तुमचं मानपत्र तेवढं तुमीच लिवा. दुसरं कोन लिवनार?'

दुसऱ्या दिवशी सकाळी, कॉलेजला जायच्या आधी, त्याने लॅपटॉपचं झाकण वर केलं. ते लगेच उघडलं. काकासाहेबांचं मानपत्र झालं होतं. इतकं चांगलं त्याने आजवर लिहिलं नव्हतं. पेनवरून त्याने 'ज्यांच्या हाती लेखणी शोभते' असं काढलं होतं आणि आईपाशी हुंदक्याला मोकळी जागा सोडली होती. आता नवं पान. ही लिंक त्याने कुणालाही पाठवलेली नव्हती. तरी त्याने वर उजव्या कोपऱ्यात पाहिलं. कोपरा रिकामा होता, आणि त्याला हायसं वाटण्याऐवजी थोडं चुकल्यासारखं वाटलं. पंकजाने स्वयंपाकघरातून विचारलं, 'प्राचार्यांना डब्यात काय देऊ?' आणि ती स्वतःच हसली. आनंदात होती. पेन कुठे आहे हे तिने अजून विचारलं नव्हतं.

पद्धत ठरलेली होती. आधी खरं लिहायचं, रोखून, दया न दाखवता. मग उलटून शिवायचं. इतक्या माणसांवर हात चाललेला, या एकावर चालायला काही हरकत नव्हती. माणूस रोजच्या पाहण्यातला होता आणि त्याच्याबद्दल आदर वाटावा असं काही कालपासून उरलं नव्हतं. त्याने लिहिलं: 'प्राचार्य सूर्यभान यांनी आयुष्यात कोणाकडेही, कधीही, काहीही परत मागितले नाही.'

मग वाक्य उलटायला घेतलं. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. माईकवर ते कसं वाजेल ते ओठातल्या ओठात म्हणून पाहिलं. पहिल्या रांगेतले फेटे डोलले. टाळ्या पडल्या. एक शब्द हलवायची गरज नव्हती. दोन्ही बाजूंनी कापड सारखंच होतं.

सवयीने त्याची बोटं पुसायच्या बटणाकडे गेली, तिथून सेव्हच्या त्या दोन बटणांकडे. खाली बारीक अक्षरं आधीच आलेली होती. सगळं जपून ठेवलेलं होतं.